मिनी पीसीला बाहेरचा माइक जोडताना

लॅपटॉपची सवय असलेल्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही, पण मिनी पीसीत, म्हणजे हातात मावणाऱ्या पेटीएवढ्या डेस्कटॉप संगणकात, बहुधा माइक नसतो. लॅपटॉपमध्ये तो कॅमेऱ्याशेजारच्या बारीक भोकांत लपलेला असतो, त्यामुळे त्याचा वेगळा विचार कधी करावाच लागत नाही. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, ॲपलचा मॅक मिनी, यांत तो नसतो. इंटेलच्या काही एनयूसी पेट्यांत पुढच्या पट्टीवर माइक दिलेले होते, पण तो अपवाद. मॉनिटरला स्पीकर असले तरी माइक क्वचितच असतो. त्यामुळे ऑनलाइन बैठक, मुलांचा क्लास, कथावाचनाचं रेकॉर्डिंग किंवा बोलून मराठी टाइप करणं, यातलं काहीही करायचं तर माइक बाहेरून आणावा लागतो.

माझं मत विचाराल तर, माइक अजून घेतला नसेल तर सरळ यूएसबीचा घ्या आणि खालचा पिनांचा भाग वाचूही नका. पण बहुतेकांच्या घरात एखादा कॉलर माइक, मोबाइलचा जुना हेडसेट किंवा कॅराओकेचा माइक आधीच पडलेला असतो, आणि तो वापरून बघायचा मोह होतो. त्यात गैर काही नाही. मात्र गोंधळ होतो तो तिथेच, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

पेटी फिरवून बघा

माइक हातात घेण्याआधी पेटीच्या पुढून-मागून कोणकोणते पोर्ट आहेत ते बघा. आपल्याला शोधायचंय ते गोल, 3.5 मिमीचं सॉकेट. मिनी पीसीत ते बऱ्याचदा पुढच्या बाजूला, पॉवरच्या बटणाजवळ असतं. त्याच्यावरचं चित्र नीट बघा, हवं तर मोबाइलचा टॉर्च मारा, कारण काळ्या पेटीवर राखाडी रंगात कोरलेलं ते चित्र सहज दिसत नाही. हेडफोनचं चित्र आणि त्याला तोंडाकडे येणारी छोटी दांडी असेल, तर ते कॉम्बो सॉकेट: ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच पिनेतून. नुसता हेडफोन असेल तर तिथून आवाज फक्त बाहेर येतो, आत जात नाही. काही पेट्यांवर माइकचं चित्र असलेलं वेगळं सॉकेटही असतं. मोठ्या डेस्कटॉपवर हिरवं म्हणजे स्पीकर, गुलाबी म्हणजे माइक आणि निळं म्हणजे लाइन इन अशी रंगांची सोय असते. छोट्या पेट्यांत सगळंच काळं, त्यामुळे चित्रावरच भिस्त.

लाइन इन आणि माइक एकच समजू नका. लाइन इनला टेपरेकॉर्डर किंवा मिक्सरकडून येणारा, साधारण एक व्होल्टच्या आसपासचा तगडा सिग्नल अपेक्षित असतो. माइकमधून निघणारा सिग्नल व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजायचा. तो लाइन इनमध्ये दिला तर ऐकूच येत नाही. 2014 च्या मॅक मिनीपर्यंत मागे असं लाइन इन होतं आणि साधा माइक त्यात घालून लोक वैतागायचे.

अजून एक फसवी जागा म्हणजे मॉनिटरच्या मागचं सॉकेट. एचडीएमआयच्या वायरीतून मॉनिटरकडे आवाज येतो आणि त्या सॉकेटमधून हेडफोनवर ऐकता येतो. त्यात माइक कितीही घट्ट खोचला तरी उपयोग नाही.

रास्पबेरी पाय (उघड्या बोर्डाचा छोटा संगणक) वापरत असाल तर काम आणखी सोपं आहे. पाय 4 पर्यंतच्या मोठ्या बोर्डांवर गोल सॉकेट आहे, अगदी चार संपर्कांचं, पण तो चौथा संपर्क व्हिडिओसाठी असतो, माइकसाठी नाही. पाय 5 वर तर ते सॉकेटच काढून टाकलंय. त्यामुळे पायवाल्यांना यूएसबीशिवाय सोपा मार्ग नाही.

पिनेवरच्या काळ्या रेघा

आता माइकची पिन उजेडात धरा. चकचकीत धातूवर बारीक काळ्या रेघा दिसतील. त्या मोजा. दोन रेघा म्हणजे पिनेचे तीन भाग, तीन रेघा म्हणजे चार भाग. अख्ख्या प्रकरणाची किल्ली एवढीच आहे.

मोबाइलच्या हेडसेटची पिन तीन रेघांची असते. टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग अर्थ (सगळ्यांची समाईक परतीची तार), आणि शेवटी वायरीकडच्या भागावर माइक. कॉम्बो सॉकेटलाही हीच मांडणी हवी असते. म्हणून तीन रेघांची पिन आणि हेडसेटचं चित्र असलेलं सॉकेट अशी जोडी जमली तर प्रश्नच मिटला.

संगणकासाठी आणि कॅमेऱ्यासाठी बनवलेल्या माइकची पिन मात्र बहुधा दोन रेघांची. तिच्यात माइकचा सिग्नल टोकाला असतो. ही पिन कॉम्बो सॉकेटमध्ये घातली की वायरीकडचा लांब भाग आतल्या अर्थच्या आणि माइकच्या अशा धातूच्या दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकतो. संगणकाच्या दृष्टीने माइकची जागा थेट अर्थला जोडली गेली, म्हणजे हा नुसता हेडफोन. तो तसाच समजून गप्प बसतो. माइक बिघडलेला नसतो आणि सेटिंगमध्येही काही चुकलेलं नसतं. यावर उपाय म्हणजे काही शे रुपयांचा स्प्लिटर.

पण स्प्लिटर दोन प्रकारचे मिळतात आणि पाकिटात ते जुळे भाऊ वाटतात. एकात तीन रेघांची एक पिन आणि दोन सॉकेट असतात, एक हेडफोनसाठी, एक माइकसाठी. दुसऱ्यात उलट: एक सॉकेट आणि दोन रेघांच्या दोन पिना. तुमच्या पेटीला एकच कॉम्बो सॉकेट असेल आणि माइक दोन रेघांचा असेल, तर पहिला हवा. पेटीला माइक आणि हेडफोन अशी वेगवेगळी सॉकेट असतील आणि हातात मोबाइलचा हेडसेट असेल, तर दुसरा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा की पुण्यात तपकीर गल्लीत, नुसतं ‘स्प्लिटर द्या’ म्हणालात तर दुकानदार हाताला लागेल तो देईल. एका पिनेतून हेडफोनच्या दोन जोड्या ऐकण्यासाठीचा तिसराच प्रकारही तिथेच टांगलेला असतो. पेटीचा आणि पिनेचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.

बोयाचा बीवाय-एम1 हा कॉलर माइक आपल्याकडे इतका खपलाय की त्याचं वेगळं सांगायला हवं. सहा मीटरची वायर, मध्ये एक छोटी डबी, डबीत एलआर44 चा बटण सेल आणि बाहेर स्विच. पिन तीन रेघांची. कॉम्बो सॉकेटला लावताना स्विच स्मार्टफोनच्या बाजूला ठेवायचा, तेव्हा सेलची गरज नसते. फक्त माइकचं सॉकेट असेल तर स्विच कॅमेऱ्याच्या बाजूला करून बघा, कारण तिथे सिग्नल टोकाला अपेक्षित असतो. या बाजूला सेल लागतो, आणि काम झाल्यावर स्विच परत फिरवायला विसरलात तर तो सेल कुणाच्याही नकळत संपतो. आठवड्याने माइक ‘अचानक’ बंद पडतो तो असा.

विंडोजच्या बऱ्याच पेट्यांत पिन घातल्या घातल्या कोपऱ्यात एक चौकट उघडते: तुम्ही नेमकं काय लावलंत, हेडफोन की हेडसेट की माइक? घाईत ती बंद केली किंवा हेडफोन निवडलं तर माइक यादीत येतच नाही. पिन काढून पुन्हा घाला, चौकट परत येईल. या वेळी हेडसेट निवडा.

यूएसबीचा माइक

इथे लिहिण्यासारखं फार नाही, आणि तीच त्याची खुबी. बहुतेक यूएसबी माइकना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. वायर लावली की विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्ही त्याला ओळखतात. मावोनो, फिफाइन, रोड, लॉजिटेकचा ब्लू येती, कुठलाही घ्या, जोडण्याची रीत एकच.

तरी दोन-तीन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे वायर. माइकसोबतची वायर हरवली म्हणून चार्जरची जुनी वायर लावली, माइकचा दिवा लागला, पण संगणकाला पत्ताच नाही. काही स्वस्त वायरींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. दिवा लागला म्हणजे जोडणी झाली असं धरू नका. ज्या वायरीने मोबाइलमधले फोटो संगणकात उतरतात ती चालेल. दुसरी म्हणजे हब, एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी. एकाच हबवर हार्ड डिस्क, कॅमेरा आणि माइक लावले की आवाज तुटतो. माइक थेट पेटीत लावा. तिसरी म्हणजे माइकवरचं म्यूटचं बटण. हसू येईल, पण तक्रारींत याचा नंबर बराच वर आहे.

ब्लू येतीसारख्या माइकमध्ये बोलायची बाजू कोणती हेही बघा. टोक तोंडाकडे करून, आइस्क्रीमच्या कोनासारखा धरून बोलणारे बरेच दिसतात. हा माइक उभा ठेवायचा आणि ज्या बाजूला कंपनीचं नाव आहे त्या बाजूने बोलायचं.

गोल पिनेचाच माइक वापरायचाय पण पेटीचं सॉकेट दाद देत नाही, अशा वेळी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या. अंगठ्याएवढं डोंगल, त्याला एक हिरवं आणि एक गुलाबी सॉकेट. दोन रेघांची पिन गुलाबी सॉकेटमध्ये सरळ बसते. जुन्या रिफर्बिश्ड पेट्यांची पुढची सॉकेटं सैल झालेली असतात, तिथेही हेच कामाला येतं.

बिनतारी कॉलर माइकचा रिसीव्हरही यूएसबीत लावायचा असतो आणि तो संगणकाला यूएसबी माइकच वाटतो. पण यातले बरेचसे 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी 3 च्या पोर्टमधून निघणारी गडबड नेमकी त्याच पट्ट्यात पसरते. इंटेलनेच 2012 मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. मिनी पीसीत सगळे पोर्ट एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे शेजारी यूएसबी 3 ची हार्ड डिस्क चालू असेल तर आवाज मधूनच गळतो. हात-दीड हात लांबीची यूएसबी एक्स्टेंशन घेऊन रिसीव्हर पेटीपासून दूर ठेवला की फरक पडतो.

ब्लूटूथ हेडसेट चालतो, पण त्याचा माइक चालू झाला की कानात येणारा आवाजही जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. बोलणं आणि ऐकणं एकाच वेळी करायला ब्लूटूथ वेगळ्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर जातं. बैठकीपुरतं ठीक, रेकॉर्डिंगसाठी नको.

मंडळाचा माइक चालेल का?

गणपतीत वापरलेला अहुजाचा माइक, किंवा गायकांच्या हातात दिसणारा शुअर एसएम58, यांना एकतर जाड 6.35 मिमीची पिन असते किंवा तीन काड्यांची एक्सएलआर. बारीक पिनेचा कन्व्हर्टर लावून ते मिनी पीसीत घालता येतात, पण आवाज फारच क्षीण येतो आणि वाढवला की खरखरही तितकीच वाढते. हे डायनॅमिक माइक. त्यांचा सिग्नल बारीक असतो आणि मिनी पीसीतला प्रीॲम्प (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) त्यांना पुरा पडत नाही. स्टुडिओचा कंडेन्सर माइक असेल तर त्याला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागतो. संगणकाचं सॉकेट दोन-पाच व्होल्ट देतं, तेवढ्यावर तो जागाच होत नाही. दोन्हींसाठी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे अशा माइकचा आवाज यूएसबीने संगणकात नेणारी डबी, हवा, उदाहरणार्थ फोकसराइटचा स्कार्लेट सोलो. माइक इंटरफेसमध्ये, इंटरफेस यूएसबीने पेटीत, आणि कंडेन्सर असेल तरच 48 व्होल्टचं बटण दाबायचं. नुसत्या बैठकांसाठी एवढा खटाटोप करू नये.

विंडोजला सांगायचं

माइक जोडला तरी विंडोज आपणहून तोच वापरेल असं नाही. वेबकॅमलाही माइक असतो आणि बऱ्याचदा विंडोज त्यालाच चिकटून राहतं. विंडोज 11 मध्ये असं करा.

1. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर उजवं क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. इनपुट या भागात नवा माइक दिसतोय का बघा आणि तो निवडा.

2. त्याच्या नावावर क्लिक केलं की त्याचं पान उघडतं. तिथे माइकची चाचणी घेण्याचं बटण आहे. ते दाबा, नेहमीच्या आवाजात दोन वाक्यं बोला आणि थांबवा. बोलताना पट्टी हलली पाहिजे.

3. सेटिंग्जमध्येच प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग मायक्रोफोन. इथे तीन स्विच बघायचे: माइकचा मुख्य, ॲपसाठीचा, आणि खाली लपलेला डेस्कटॉप ॲपसाठीचा. झूम, ऑडॅसिटी, क्रोम हे सगळे शेवटच्यात मोडतात. वरचे दोन चालू आणि हा बंद, अशी स्थिती असेल तर विंडोजच्या चाचणीत माइक छान चालतो आणि झूममध्ये मुका.

4. आवाज फारच हळू असेल तर साउंडच्या पानावर खाली मोअर साउंड सेटिंग्ज आहे. त्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये माइकवर दोनदा क्लिक करून लेव्हल्सचं पान उघडा. गोल पिनेच्या माइकला तिथे बूस्टची वेगळी पट्टी मिळते, 10, 20, 30 डेसिबलची. आधी 10 वर बघा. 30 वर नेलं की तुमच्याबरोबर पंख्याचाही आवाज चढतो. यूएसबी माइकला ही पट्टी सहसा नसते, त्याचा गेन (आवाज किती वाढवायचा ते) माइकवरच्या चाकाने बदलायचा.

मॅक मिनीत सिस्टम सेटिंग्ज, साउंड, इनपुट. गोल पिनेचा माइक एक्स्टर्नल मायक्रोफोन या नावाने दिसतो, आणि तो तीन रेघांचाच असला पाहिजे. कधी कधी यादीत तुमचा आयफोनही माइक म्हणून हजर असतो. चुकून तो निवडलेला असेल तर आवाज दुसऱ्या खोलीतून येतोय असं समोरच्याला वाटतं. परवानगी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीतच द्यायची. दिल्यावर मॅक ते ॲप बंद करून उघडायला सांगतो, ते खरोखर करा.

उबंटू लिनक्समध्ये सेटिंग्जच्या साउंडमध्ये इनपुट निवडलं की पुरतं. रास्पबेरी पायवर टर्मिनलमधून अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळीचा प्रोग्रॅम उघडा, एफ6 ने यूएसबी माइक निवडा आणि एफ4 ने कॅप्चरची पट्टी समोर आणून वरच्या बाणाने ती वर करा.

माइक कुठे ठेवायचा

महागडा माइक टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवण्यापेक्षा साधा माइक तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवलेला कधीही चांगला. मात्र अगदी तोंडासमोर नको, जरासा तिरपा. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ यांची रेलचेल, आणि त्यातल्या फ-भचा झोत माइकवर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये धप्प असा आवाज उमटतो. चाचणीसाठी ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणण्यापेक्षा ‘भाऊ फाटकापाशी थांबून भाकरी खात होता’ असं काहीतरी म्हणा. धप्प ऐकू आलं तर माइक ओठांच्या रेषेतून थोडा बाजूला सरकवा.

मिनी पीसी शांत असतो हे अर्धसत्य आहे. आतला पंखा छोटा, त्यामुळे काम वाढलं की तो बारीक सूंऽऽ असा आवाज करतो, आणि माइक त्याच टेबलावर असेल तर थरथरही पकडतो. पेटी मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसवता येते. तशी बसवली की पंखा माइकपासून दूर जातो आणि मध्ये मॉनिटरचा आडोसा मिळतो. मग पुढची पोर्ट हाताला लागत नाहीत, त्यासाठी यूएसबी एक्स्टेंशन टेबलावर आणून ठेवा. स्टँडखाली दुमडलेला नॅपकिन घातला तरी थरथर कमी होते. छताचा पंखा रेकॉर्डिंगपुरता बंद करा. मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही, निदान माइक पंख्याच्या झोताबाहेर ठेवा.

पातळी ठरवताना ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर बरं पडतं. बोलताना त्याची पट्टी बहुतांश उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावी. शून्याला टेकली की आवाज फुटतो, आणि फुटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही. हळू आलेला वाढवता येतो.

खालून सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो बहुधा विजेच्या 50 हर्ट्झचा. माइकच्या धातूला हात लावल्यावर तो कमी-जास्त झाला तर अर्थिंगकडे बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून लावलेला असेल तर तो आधी काढा. यूएसबी माइकमध्ये हा त्रास कमी, कारण आवाजाचे आकडे माइकच्या आतच बनतात आणि वायरीतून ते आकडेच येतात.

तरीही समोरच्याला ऐकू येत नसेल

विंडोजच्या चाचणीत पट्टी हलते म्हणजे जोडणी बरोबर आहे, आता चूक ॲपमध्ये शोधायची. झूम, टीम्स, मीट यांची स्वतःची माइकची निवड असते आणि ती विंडोजच्या निवडीपेक्षा वेगळी असू शकते. मीटमध्ये माइकच्या बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून नाव तपासा. क्रोममध्ये परवानगी एकदा नाकारली असेल तर तो पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चित्रावर क्लिक करून मायक्रोफोन चालू करा आणि पान पुन्हा लोड करा.

समोरच्याला स्वतःचाच आवाज घुमून ऐकू येत असेल तर तुमच्या स्पीकरचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतोय. हेडफोन लावा. तुम्हाला स्वतःचा आवाज उशिराने ऐकू येत असेल तर विंडोजच्या रेकॉर्डिंगमध्ये माइकच्या लिसनच्या पानावर खूण राहिली असेल, ती काढा.

बोलून मराठी टाइप करण्यासाठी माइक घेतला असेल तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग निवडा आणि माइकच्या चित्रावरच्या यादीतून मराठी घ्या. यादीत आधी इंग्रजी असतं, ते तसंच राहिलं तर तुमचं मराठी रोमन लिपीत भलतंच काहीतरी उमटतं. वाक्य संपवून क्षणभर थांबत बोला, शब्द जरा उशिराने उमटतात. स्वल्पविराम आणि पूर्णविराम नंतर हातानेच घालावे लागतील, आणि र्‍हस्व-दीर्घावर एकदा नजर फिरवा.